नव्या नळीचा नारळ

चहा पाजा, पण माझ्या पिकअपचं नाव काढू नका. वीट आलाय रे.

डिझेल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाते ना, ती नळी कुजली होती. भरलेलं डिझेल डिलाईल रोडवर सांडत जायचं. एवढ्या जुन्या गाडीची नळी कुठे मिळेना. या गळतीपायी गिऱ्हाइकं पळाली, हातात एकच भाडं उरलं: माटुंग्याला लग्नाचं सामान न्यायचं.

शेवटी भंगारात बरी नळी मिळाली, मेकॅनिकने बसवली. सकाळी निघायच्या आधी मी कॅनमधून डिझेल ओतलं आणि कुठे गळतंय का ते खाली वाकून बघत होतो. झाकण उघडंच होतं. तेवढ्यात माझे मामा चाळीतून नारळ घेऊन उतरले.

म्हटलं, "मामा, चाकापुढे फोडा."

"चाक जुना आसा," मामा म्हणाले. "नवी नळी आसा. मगे नारळ खंय फोडूचो?"

मी उठेपर्यंत त्यांनी तो नळीच्या लोखंडी तोंडावर आपटलासुद्धा. नारळ फुटला आणि पाणी सरळ टाकीत गेलं.

टाकी उपसायला वेळ नव्हता, मामांना शेजारी बसवून तसाच निघालो. डिझेलमध्ये पाणी गेल्यावर काय होतं, तुम्हाला माहितीये. नाक्यावर गाडीने दोन आचके दिले आणि मेली. लग्नवाल्यांनी दुसरा टेम्पो बोलावला.

मी फुटपाथवर डोक्याला हात लावून बसलो. मामा गाडीखाली वाकून बघत होते. खूश होऊन म्हणाले, "नळी बरी बसली हा रे. एवढा पाणी गेला, पण एक थेंब गळूक नाय."