एका मोज्यात अर्धा तास

—नवस मी तिच्या अभ्यासासाठी बोलले होते, घरात तरी सगळ्यांना असंच सांगितलं. अकरा गुरुवार, उठल्यापासून ती शाळेत जाईपर्यंत मौन. देवा, माझ्या पोरीला शहाणी कर, एवढंच मागणं — पर्स उचलू नका, ताई, डॉक्टरांकडे तुमच्याआधी एकच नंबर आहे. बसा. — एरवी माझ्या तोंडाचा पट्टा चालू असायचा, दात घास, दप्तर भर, अगं लक्ष कुठंय. पहिल्या गुरुवारी बोलता येईना, म्हणून नुसती दारात उभी राहून बघत होते. नऊ वर्षांची मुलगी, एक मोजा पायात, दुसरा हातात, नजर खिडकीबाहेर. अर्धा तास. मला वाटायचं, मुद्दाम करते. पण मुद्दाम करणारं मूल आईकडे चोरून बघतं की नाही? ही बघतच नव्हती. भानावर आली ती स्वतःच दचकली, धावत सुटली, आणि दप्तर पलंगावरच.

मग वहीत लिहायला लागले — बोलायचं नव्हतं, लिहायला कुठे बंदी होती? गणित अर्धं टाकून उठते. दोन कामं सांगितली की दुसरं हरवतं. तीन महिन्यांत पाण्याच्या चार बाटल्या हरवल्या. शाळेतल्या बाईंना विचारलं, तर वर्गातही हेच, पण दंगा करत नाही ना, मग कोण बघतंय तिच्याकडे? सासूबाई म्हणाल्या, चित्रं काढताना बरी तासन्‌तास बसते. शेवटी इथे आणलं, तर डॉक्टर म्हणाले, लक्ष न टिकणाऱ्या मुलांत तेही असतं, आवडीच्या कामाला चिकटतात, नावडतं धरून ठेवता येत नाही. आळस नव्हे, खोडी नव्हे. आता मी एका वेळी एकच काम सांगते. होतं. रोज नाही, पण होतं.

तुमची लेक मघापासून बाही खाली ओढतेय. चिमट्याचा वळ ना, तुम्ही काढलेल्या? नाही हो, नावं नाही ठेवत. माझ्या हातात फूटपट्टी होती. नवसाच्या आदल्या संध्याकाळी मोडली — तिच्या पाठीवर. अभ्यासाबिभ्यासासाठी नव्हतंच ते मौन, मला माझीच भीती वाटली होती... घरात अजून कुणाला हे — जाऊ दे. देवालाही सांगितलं नाही, त्याला ठाऊक असेल म्हणून. डॉक्टरांना मात्र सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तुम्हाला झोप लागते का? इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

तुम्हालाच हाक मारतायत. तिचं हरवणं, विसरणं, ते सगळं सांगाल तुम्ही. चिमट्याचंही सांगा, ताई. तेवढं सांगाच.