जी गळते ती उघड्यावर

...आणि वर नवरा मलाच विचारतो, "यात चिडण्यासारखं काय आहे, मारीज?" आता तुम्हीच सांगा. घरात गाड्या दोन, अंगणात मांडव एक. मोठी गाडी नवीकोरी, दारं आपोआप सरकणारी, छत असं घट्ट बंद की धबधब्याखाली उभी केली तरी आत थेंब जायचा नाही. ती मांडवात. आणि माझी छोटी लाल गाडी, बारा वर्षांची, जिच्या सनरूफमधून पाणी आत येतं, ती कुठे? लिलाकच्या झुडपाशेजारी, आभाळाखाली, आख्खा हिवाळा, आणि तोही आमच्या उत्तरेकडच्या शिकुतिमी गावचा! तुम्हाला सांगते, मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणजे सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे, पण आमच्याकडे वर्षाला किती बर्फ पडतो ते मला तोंडपाठ आहे, आणि तरीही हे गणित काही माझ्या डोक्यात शिरत नाही. जी गळत नाही ती मांडवात, आणि जी गळते ती उघड्यावर.

मांडव म्हणजे आपला नेहमीचाच हो. पंधरा ऑक्टोबर उजाडला, नगरपालिकेची परवानगी लागू झाली, की गल्लीभर पाइपांचे सांगाडे उभे राहतात, वर पांढरं जाड कापड, आत गाडी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, घरोघरी एकाच मुहूर्तावर लग्न निघालंय. आणि आमचे हे, यानिक, मांडव उभारताना असे काही तन्मय होतात की आमची लेओनी जन्मली तेव्हासुद्धा एवढे झाले नव्हते. (हे मी जरा जास्तच बोलले. तेव्हा तो रडला होता. पण मांडवाचा शेवटचा पाइप बसला तेव्हाही रडायच्या बेतात होता, हे मी पाहिलंय.)

बरं, छोटीला थंडीत चालवत का नाही? तर हिवाळी टायर कायद्यानं लागतात, दोन गाड्यांना दोन संच कोण घेणार, म्हणून ती बर्फ वितळेपर्यंत झोपते. झोपू दे. माझं काही म्हणणं नाही. पण झोपणाऱ्याच्या अंगावर पांघरूण नको?

आणि गळती लावली कुणी, ते विचारा ना. सनरूफ मुळात थोडं पाणी आत घेतंच, तसंच बनवलेलं असतं, आणि चार कोपऱ्यांतल्या चार बारीक नळ्यांतून ते गुपचूप खाली सोडून देतं. इतकी वर्षं ते बिचारं असंच करत होतं. सप्टेंबरात पुढची डावी नळी जरा तुंबली. मी म्हटलं, तुझ्या वडिलांना विचारू, ते जन्मभर गॅरेजमध्ये होते. तर हा म्हणाला, "बाबांना कशाला त्रास? हवेचा पंप आहे की." आणि मारली हवा! अशी मारली, अशी मारली, की तुंबलेलं तसंच राहिलं आणि नळीच आतल्या आत निसटली. तेव्हापासून पाऊस आला की पाणी थेट आरशाजवळून चालवणाऱ्याच्या कानावर. नीट करायचं तर आख्खं छत आतून उतरवायला हवं. सासरे म्हणाले, करतो, पण उन्हाळ्यात, माझी शेड रिकामी झाली की. म्हणजे प्रश्न उरला मधल्या हिवाळ्याचा. आणि गळती लावणाराच मांडवाचा मालक!

"विकून टाकू," म्हणाला. नोव्हेंबरात, जेवताना, मटाराचं सूप ओरपत. "दोन दारांची गाडी, बाळाला मागे बसवताना तुझी कंबर मोडते. हिवाळ्यात आत बुरशी धरेल. मग फुकटसुद्धा कोणी नेणार नाही."

आता हे तुम्हाला कसं समजावू? ती गाडी मी माझ्या पहिल्या नोकरीत घेतली, एकटीनं. तिच्यातून एकटी गास्पेच्या समुद्रापर्यंत गेले होते, सीट मागे पाडून सनरूफमधून ढग बघत सँडविच खाल्लं होतं. त्या बाईला मी हल्ली फार भेटत नाही. आणि शिवाय लेओनी! मोठ्या गाडीत ती पार अल्मा गावापर्यंत किंचाळत जाते, आणि छोटीत, त्या काचेतून झाडांच्या फांद्या सरकताना दिसल्या की दहा मिनिटांत झोपते. झोप! आठ महिन्यांच्या बाळाच्या आईसमोर तुम्ही झोप विकायची भाषा करता?

तर पैज लागली. एप्रिलमध्ये सासऱ्यांनी येऊन गाडी तपासायची. ओल किंवा बुरशीचा वास निघाला तर गाडी विकायची. कोरडी निघाली तर गाडी राहील, आणि पुढच्या हिवाळ्यात मांडव तिला. यानिकनं हसत हसत हात मिळवला. एवढं हसायचं काही कारण नव्हतं.

मग मी अभ्यासाला लागले. इंटरनेटवर एक म्हणतो, पूर्ण गाडी ताडपत्रीत गुंडाळा. दुसरा म्हणतो, गुंडाळाल तर आतल्या आत घामानं सडेल. तिसरा म्हणतो, काचेच्या कडेनं चिकटपट्टी लावा. लावली. पहिल्या उणे वीसला पट्टी अशी गळून पडली की जणू तिनंच राजीनामा दिला. चौथा म्हणतो, मोज्यांत मांजराच्या पेटीतली माती भरून आत ठेवा, ओल शोषते. ठेवली. समोरच्या पियरेतबाईंचं मांजर तीन दिवस काचेला नाक लावून बसलं. मला एकीकडे वाटत होतं, अगं बाई, तू शिकलेली ना, गाडीसाठी मोजे भरतेस? आणि दुसरीकडे वाटत होतं, दोन जोड अजून भरू का?

शेवटी सासरे आले. नॉर्मां त्यांचं नाव, माणूस कमी बोलणारा. गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या डाव्या चाकाखाली दोन फळ्या सरकवल्या, गाडी जरा तिरकी केली. म्हणाले, "पोरी, पाणी काही शिकलेलं नसतं. उतार दिसेल तिकडं जातं. तुटका कोपरा उंच धर, बाकीच्या तीन नळ्या बघून घेतील. आणि वरून काहीतरी छत्रीसारखं दे. गुंडाळू नकोस, तिला श्वास घेऊ दे."

छत्रीसारखं! मी घरभर फिरले. आणि तळघरात दिसला लेओनीचा पोहायचा हौद. कडक प्लॅस्टिकचा, निळा, त्यावर पिवळी बदकं. उपडा घातला टपावर, बरोब्बर सनरूफवर बसला. दोऱ्या दारांच्या फटीतून आत घेतल्या, दारं लावली. झाली टोपी! आणि आत, आरशाजवळ, जिथून पाणी यायचं तिथं, चिकटवला एक डायपर. हसू नका. ओल किती आली हे डायपरइतकं खरं कोण सांगणार? आणि डायपर हातात घेऊन भरला किती हे मला तराजूपेक्षा बरं कळतं, एवढीच तर माझ्या या वर्षाची कमाई. यानिक खिडकीतून बघून म्हणाला, "चल, तूच म्हणतेस तर तसं. एप्रिलमध्ये डायपर कोरडा निघाला तर मी हरलो." पियरेतबाईंनी रस्त्यापलीकडून विचारलं, गाडीला दात येतायत का.

गल्लीतले लोक थांबून फोटो काढायचे. आणि मोठी गाडी? मांडवात, शेठजीसारखी. जी गळत नाही ती मांडवात, आणि जी गळते ती बदकांखाली.

डिसेंबर उत्तम गेला. बर्फ गळत नसतो हो, वितळलेला बर्फ गळतो, आणि डिसेंबरात वितळायची कुणाची टाप आहे? पण जानेवारीत आला उबारा. दोन दिवस पाऊस, वर वारा. दुपारी फोन वाजला. पियरेतबाई.

"मारीज, बाळा, घाबरू नकोस. तुझ्या गाडीची टोपी माझ्या अंगणात आलीय."

लेओनीचा कान दुखत होता, ती खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. यानिक कारखान्यात. काय करणार? बांधली तिला छातीशी, वरून माझा कोट, आणि गेले. दार उघडून आत बसले तर डायपर असा लोंबत होता की मला त्याची दया आली. नवीन लावला. वर काचेवर पाण्याचा नुसता खळखळाट. आणि मग मला रडू आलं, उगीच, म्हणजे उगीच नाही, मनात आलं, आपण कसली आई आहोत, आजारी बाळाला पावसात आणून गाडीचे डायपर बदलतोय. खाली बघितलं तर लेओनी त्या काचेकडे टक लावून बघत होती. दोन दिवसांत पहिल्यांदा गप्प. आणि झोपली. तिथंच, तिरक्या गाडीत. मी हललेच नाही. पाऊण तासानं पियरेतबाई हौद डोक्यावर धरून आल्या, कपडे वाळत घालायच्या दोरीनं त्यांनी तो टपावर आवळला, काचेतून आत पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवून परत गेल्या.

त्यानंतर रोज दोन डायपर तपासले. एक आतलीचा, एक बाहेरलीचा. कबूल करते, बाहेरलीचा जास्त वेळा कोरडा असायचा.

पंधरा एप्रिल. मांडव उतरले, गल्ली पुन्हा सुतकी दिसायला लागली. सासरे आले. टोपी काढली. दार उघडून त्यांनी आत डोकं घातलं आणि मोठा श्वास घेतला. मी श्वास घेतलाच नाही. सीट दाबून पाहिली, गालिचा उचलून पाहिला. मग आरशाजवळचा डायपर काढून हातात तोलला. "कोरडा."

"थांबा," यानिक म्हणाला. "हा नोव्हेंबरातलाच डायपर आहे का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. म्हटलं, "यानिक, कुठली आई पाच महिने एकच डायपर ठेवते?"

सासऱ्यांना हसू आवरेना. त्या माणसाला मी सहा वर्षांत पहिल्यांदा बत्तीशी दाखवताना पाहिलं. म्हणाले, "आत बाळाचा वास येतोय, बुरशीचा नाही. तू हरलास, पोरा. आणि पुन्हा हवेच्या पंपाला हात लावलास तर बघ."

जिंकले! गाडी राहिली. पुढच्या हिवाळ्यात मांडव तिचा, मोठी गाडी बाहेर लिलाकशेजारी. न्याय झाला. आठवडाभर मी तरंगत होते. आणि काल भांडी घासता घासता माझा हात थांबला. सप्टेंबरात माझी रजा संपतेय. यानिकला न्यायला कारखान्याची बस दारात येते. छोटी झोपणार मांडवात. मग उणे पंचवीसमध्ये, सकाळी सहाला, लेओनीला काखेत धरून, मोठ्या गाडीवरचा गुडघाभर बर्फ खरवडणार कोण?

मी जाऊन हे त्याला बोलले. आणि त्यानं, तुम्हाला सांगते, अगदी शांतपणे, लोण्याचा चाकू पुसत विचारलं, "यात चिडण्यासारखं काय आहे, मारीज? जी गळते ती मांडवात, जी गळत नाही ती उघड्यावर. तुलाच हवं होतं ना?"

हो. मलाच हवं होतं. तो हौद आता मोठ्या गाडीच्या टपावर बसतो का, तेवढं बघून येते.