चौदा दुपारी आणि जनूभाऊंचं कार्ड

आजच्या समारंभाचं अध्यक्षपद स्वीकारून कार्यक्रमाची शोभा वाढवणारे आपले केंद्र व्यवस्थापक माननीय प्रमोद सर, मुख्य कार्यालयातून वाट वाकडी करून अंबरनाथ एमआयडीसीपर्यंत आलेले सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती श्री. जनू गायकर, म्हणजे आपल्या सगळ्यांचे जनूभाऊ, त्यांच्या सौभाग्यवती वेणूताई, आणि पाळी सांभाळून इथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना महेंद्र शेलारचा नमस्कार.

आत्ताच आपण मानपत्र ऐकलं. भाषा सुरेख आहे. पण 'एकतीस वर्षांची अखंड सेवा' हे शब्द आले तेव्हा वेणूताईंनी मान खाली घातली, ते मी इथून पाहिलं. सेवा अखंड नव्हती. गेल्या वर्षी एकोणीस दिवस जनूभाऊ निलंबित होऊन घरी होते. आणि त्या आदेशाला शिफारस होती दिवसपाळीच्या प्रमुखाची, म्हणजे माझी. सरांची परवानगी गृहीत धरून ती हकिकत सांगतो. पाहुण्यांना ती माहीत नसेल, आणि आपल्या तरुण मंडळींना अर्धवट माहीत आहे, ते तर आणखी वाईट.

पूर्वी आपल्या प्रत्येक मोबाईल टॉवरचा मेंदू टॉवरखालच्या पेटीत असायचा. आता तो बराचसा आपल्या मागच्या थंड हॉलमध्ये, सर्व्हरमध्ये आला. उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूर गावापर्यंतचे फोन तिथून चालतात. दोन वर्षांपूर्वी त्यावर एआयची सिस्टीम बसली. कुठे गर्दी आहे, कुठे बिघाड आहे, कशामुळे आहे, सगळं ती सांगते. आपण पडद्यावर हिरवं दिसलं की चहाला जातो. खोटं बोलतोय का मी?

तर बदलापूर गावातून तक्रारी येऊ लागल्या, दुपारी रेंज जाते. पडद्यावर टॉवर ठणठणीत. असं असताना एका दुपारी तिथल्या धर्मराज काकांना घरातच अर्धांगाचा झटका आला. घरात फक्त बनूबाई, त्यांची पत्नी. मुलगा इथेच एमआयडीसीत पहिल्या पाळीला. बाईंनी मुलाला फोन लावला, शेजारणीला लावला, रिक्षावाल्याला लावला. एकही लागला नाही. शेवटी त्या अनवाणी रस्त्यावर धावत आल्या. तिथे त्यांना टॉवरच्या देखभालीवर असलेले आपले जनूभाऊ भेटले. जनूभाऊंनी रिक्षा थांबवली, काकांना उचलून आत बसवलं, दवाखान्यात नेलं. काका वाचले. उजव्या हातात कप धरता येत नाही अजून.

मुलाने रीतसर तक्रार केली आणि चौकशी माझ्याकडे आली. मी सिस्टीमला कारण विचारलं. तिने उत्तर दिलं, तीन महिन्यांत चौदा तक्रारी, आणि त्या चौदाही दुपारी टॉवरखालची पेटी एकाच कर्मचाऱ्याच्या कार्डाने उघडलेली. कार्ड जनू गायकर यांचं. निष्कर्ष, मानवी हस्तक्षेप. शक्यता चौऱ्याण्णव टक्के.

मित्रहो, संशयाची गंमत बघा. त्याला एकदा जागा दिली की तो पुरावे स्वतःच गोळा करतो. काल जी गोष्ट मी जनूभाऊंच्या चांगुलपणाची म्हणून कॅन्टीनमध्ये सांगत होतो, तीच आज मला खटकायला लागली. बनूबाई धावत आल्या तेव्हा नेमका हाच माणूस रस्त्यावर कसा? माझी चाहूल लागताच हा फोन ठेवून का देतो? याचा भाचा दुसऱ्या मोबाईल कंपनीच्या केबल टाकतो, मग हा आपले टॉवर मुद्दाम पाडत तर नसेल? एकदा ते हात धुवायला गेले असताना मी त्यांची डब्याची पिशवी उघडून पाहिली. आत भाकरी होती आणि सुक्या बोंबलाची चटणी. मी पिशवी तशीच बांधून ठेवली. लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, माणूस सावध आहे.

मी त्यांना समोर बसवून विचारलं, "जनूभाऊ, दुपारचे तिथे कशाला जाता? ड्युटी लिस्टमध्ये नाव नसतं."

ते म्हणाले, "साहेब, गावातली लोका सांगतात रेंज जाते. म्हनून बघाया जातो. आलो का तक्रार लिवतो."

"पडद्यावर तर काहीच दिसत नाही."

"पडद्यावं नाय दिसत, पन जाते."

हे वाक्य मी अहवालात 'समाधानकारक खुलासा नाही' असं लिहिलं.

निलंबनाच्या बाराव्या दिवशी मी स्वतः बदलापूर गावात गेलो. खोटं कशाला सांगू, त्यांना निर्दोष ठरवायला नाही, पक्का पुरावा मिळवायला गेलो. हा माणूस घरी बसलाय, तेव्हा टॉवर नीट चालणार, आणि तेच मला लिहून आणायचं होतं. दीड वाजता पोचलो. पेटीला कुलूप होतं. एक पस्तीसला माझ्या हातातल्या फोनची रेंज गेली.

मी तिथेच उभा राहिलो. बनूबाई दारात धान्य निवडत बसल्या होत्या. मला गळ्यातल्या ओळखपत्रावरून ओळखून म्हणाल्या, "आज जनूभाऊ नाय आलं?"

मी विचारलं, "बाई, रेंज नेहमी जाते?"

"रोजचंच हाय. आता दुपारचं कोन फोनच नाय लावत."

चार वाजता रेंज आली. मी इथे परतलो आणि सिस्टीम सांभाळणाऱ्या आपल्या जिज्ञासा मॅडमसमोर जाऊन बसलो. त्या समोरच आहेत, चुकलं तर सांगतील. त्यांनी तासभर शोधलं आणि म्हणाल्या, "सर, टॉवर बंद पडलेला नाही. झोपवलेला आहे."

"कोणी झोपवला?"

"सिस्टीमने. दुपारी वापर कमी, म्हणून वीज वाचवायला. शेजारचा शिरगावचा टॉवर गावाला पुरेल असं तिने धरलंय. आणि झोप म्हणजे बिघाड नाही, म्हणून पडद्यावर हिरवंच."

शिरगावचा टॉवर पुरला असता, पण मध्ये अठरा मजली इमारत उभी राहिली होती, ती सिस्टीमच्या नकाशात नव्हती. रेंज नाही म्हणून लोक फोन लावेनात, आणि लोक फोन लावत नाहीत म्हणून सिस्टीमची खात्री पटली की इथे दुपारी गरजच नाही. आणि त्या चौदा दुपारी? रेंज रोजच जात होती. जनूभाऊ जायचे त्या दिवशीच तेवढी तक्रार लिहिली जायची. नोंद करणारा एकच माणूस होता, म्हणून सिस्टीमला गुन्हेगारही तोच दिसला.

जनूभाऊ कामावर परत आले. फाईलवर 'माहितीतील त्रुटी' असा शेरा पडला आणि ती बंद झाली. चौकशी चुकीची होती, असं कोणीही लिहिलं नाही. मीही नाही. तेव्हापासून मला पडद्यावरच्या प्रत्येक हिरव्या दिव्याचा संशय येतो, आणि तो चांगलाच आहे म्हणा. पण त्याहून जास्त मला माझा येतो.

ते कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो होतो. वेणूताईंनी चहा ठेवला. मी म्हणालो, "जनूभाऊ, मशीनने सांगितलं म्हणून झालं."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग शांतपणे म्हणाले, "मशीनला मी कोन ता ठाव नव्हता, साहेब. तुमाला ठाव व्हता."

बावीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं. त्यानंतर मला एवढंच करता आलं की काल मी प्रमोद सरांकडे माझ्या सहीचं निवेदन दिलं. चौकशीचा निष्कर्ष चूक होता, आणि ती चूक माझी होती, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. सरांनी ते सेवापुस्तकात लावायचं मान्य केलं आहे. त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. जिज्ञासा मॅडमचे आभार, त्यांनी तो टॉवर जागा केला. आणि एवढा वेळ ऐकून घेतलंत म्हणून आपणा सर्वांचे आभार.

निरोपाच्या प्रसंगी बोलू नये ते बोललो असेन, कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर सभागृहाने उदार मनाने क्षमा करावी. जनूभाऊंकडे मात्र ती मी इथे माईकवर मागणार नाही. चारचौघांत मागितली की समोरच्याला द्यावीच लागते.

नमस्कार.