भुई थंड आहे

नाही गं बाई, एक ते पाचमधला आकडा मला नको विचारूस. पाच म्हटलं तर तू म्हणशील म्हातारी भोळी, आणि दोन म्हटलं तर त्या पोरीची नोकरी जाईल — बस, इथंच बस पायरीवर, आत नको, आत बापलेक बसलेत, मला सुद्धा बाहेर काढलंय — जरा उन्हात सरक, माघाची थंडी दगडातून वर येते. हां. तर तुझं नाव अवनी, तू नागपूरची, इथल्या त्या संस्थेची, जी घरात शेवटच्या दुखण्याला टेकलेल्या माणसांकडे नर्स धाडते, आणि माझ्या मुलानं फोनवर नर्सची तक्रार केली म्हणून तू बघायला आलीस, की नर्स चांगली की वाईट. बरोबर ना? मग कहाणी ऐक. मला अक्षर येत नाही, कहाणी येते. आणि दुसरं असं, की आमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मी 'हे' म्हणणार, 'ते' म्हणणार, तुझा गोंधळ होणार. कहाणीत नाव घेतलेलं चालतं. कहाणीतला नवरा कुणाचाच नसतो.

तर काशी नगर, काशीत रामघाट, रामघाटावर एक वेदपाठशाळा आणि पाठशाळेच्या डोक्यावर भाड्याच्या दोन खोल्या. त्या खोल्यांत एक होता वेणीमाधव, एक होती त्याची बायको सीता, त्यांना एक मुलगा विश्वेश, एक सून कस्तुरी, एक नातू निमिष. वेणीमाधवानं जन्मभर खालच्या पाठशाळेत पोरांना वेद शिकवला. विश्वेश तोच वेद घेऊन घाटावर लोकांची कामं करतो — कामं मतलब शेवटची, लोकांच्या आईबापांची. असं सगळं चाललेलं, आणि वेणीमाधवाच्या हाडांत कॅन्सर उतरला. इस्पितळ म्हणालं, घरी न्या. इस्पितळाला काय, ते सांगून मोकळं. घरी कण्हणं आलं. दिवसा कण्हणं, रात्री कण्हणं, खालची पोरं पाठ म्हणताना वरून कण्हणं — थांब हं, काही ऐकू आलं का तुला? नाही ना? मला उगाच वाटलं. आत फार वेळ शांत आहे. शांत असलं की मला बसवत नाही.

काय म्हणत होते — हां, बकुळ. तुमच्या संस्थेनं बकुळ धाडली. बंगाली टोल्याकडची, चपळ, खांद्याला झोळी, अर्धं वाक्य जिन्यावर आणि अर्धं गल्लीत. तू विचारलंस ना, वेळेवर यायची का? नाही यायची. ते लिही. पाच घरं करते, संकठा घाटाच्या गल्लीत गाय आडवी बसली की हिला उशीर. पण ऐक — पहिल्या दिवशी तिनं वेणीमाधवाला विचारलं, पंडितजी, दहा में से दर्द कितना? तर वेणीमाधव म्हणाला, ठीक है. दुसऱ्या दिवशी पण ठीक है. अगं, जन्मभर ज्यानं कुणाला दुखतं म्हणून सांगितलं नाही तो आता एका पोरीला आकडा सांगेल? तिसऱ्या दिवशी बकुळनं आकडा सोडला. खटियाशी उकिडवी बसली, म्हणाली, पंडितजी, सुनाइए. वेद म्हणा. आणि तो म्हणायला लागला, आणि जिथं अडखळला तिथं हिनं हात धरला — बस, समझ गई. रोज तसंच. लांबवर म्हटलं तर दुखणं कमी, पहिल्या ओळीतच गाडी अडली तर दुखणं फार, मग फोनवर डॉक्टरला सांगायचं आणि दवाई वाढवायची. हे तुमच्या त्या कागदात कुठल्या रकान्यात बसतं, मला ठाऊक नाही, तू बसव.

आता ज्या दिवसाची तक्रार आहे तो दिवस. सोमवार. सकाळी वेणीमाधव पहिल्या अक्षराला अडला. बकुळनं डॉक्टरला विचारून दवाई वाढवली, आणि निघताना दारात चप्पल घालता घालता सीतेला म्हणाली, आज झोप लागेल, घाबरू नका. इथं ती चुकली. बघ, मी तिची बाजू घेत नाहीये. श्वास हळू होईल, हात लावला तरी लवकर जाग येणार नाही, हे सगळं घरातल्या सगळ्यांना बसवून सांगायला पाहिजे होतं, चप्पल पायात असताना नाही. सीतेनं ऐकलं आणि ती नदीवर कपडे घेऊन गेली. कारण वेणीमाधव खरंच झोपला गं. दिवाळीपासून पहिल्यांदा. कण्हणं बंद.

आणि कण्हणं बंद झालं, तसा विश्वेश घाबरला. तो घाटावरून आला तर घर चिडीचूप. बाप निपचित, तोंड उघडं, श्वास येतोय तो खोल विहिरीतून यावा तसा. आता इतक्या लोकांचा शेवट ज्यानं पाहिला त्याला कोण सांगणार? कस्तुरी म्हणाली, नर्सला विचारू या. म्हणाला, यात नर्सला काय विचारायचं, हे आमचं रोजचं काम आहे. आणि लागला कामाला. तुमच्याकडे आता करतात की नाही देव जाणे, आमच्याकडे माणसाचा जीव खाटेवर जाऊ देत नाहीत, त्याला भुईवर घेतात. सीता ओले कपडे घेऊन वर येते तर भुई सारवलेली, दर्भ पसरलेला, तीळ टाकलेले, आणि वेणीमाधव खाली. दारात शेजारचे सगळे. दत्तात्रेयभटजींनी तर कुणाला तरी बांबू आणायला धाडलंसुद्धा — पाठशाळेच्या भिंतीला टेकून ठेवले होते, हिरवेगार, चांगले निवडून आणलेले.

सीता म्हणाली नाही का, की नर्सनं झोप लागेल म्हणून सांगितलंय? — तू तेच विचारणार होतीस ना, तुझ्या तोंडावर दिसतंय. नाही म्हणाली. तिला आठवलंच नाही. खाली घेतलेला माणूस बघितला आणि तिच्या अंगातून काहीतरी सैल झालं, पाण्यानं भरलेला हंडा डोक्यावरून उतरवावा तसं — आता हे तू लिहू नकोस. ते कहाणीत आहे, तक्रारीत नाही. इतकं कण्हणं ऐकल्यावर शांतता ऐकली की बाईमाणसाला काय वाटतं, ते तुला आज नाही कळायचं, आणि कधी कळू नये.

तिनं बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. उजवा कान वर ठेवला. काशीत उजवा कान विश्वनाथाचा, तो येऊन त्यात मंत्र सांगतो, म्हणून तो मोकळा ठेवायचा. विश्वेश डाव्या बाजूला वाकला, पार भुईला गाल लावला, आणि बापाच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. सीतेला वाटलं, मंत्र म्हणेल. दारातल्यांना पण तेच वाटलं असणार. पण मांडी सीतेची होती, तिला ऐकू आलं. म्हणाला, बाबा, निमिषला मी पाठशाळेतून काढलं. इंग्रजी शाळेत घातलं. तुम्हाला खोटं सांगत आलो. मला क्षमा करा, मला हे घाटाचं आयुष्य त्याला द्यायचं नव्हतं.

कळलं ना तुला? सगळ्या घराला ठाऊक होतं, वेणीमाधव सोडून. रामनवमी झाल्यावर पोराला काढलं, तोवर आजोबांचं खाली उतरणं बंद झालेलं, त्यांना सांगायचं, खाली पाठाला बसलाय. निमिष शाळेचा शर्ट कस्तुरीच्या माहेरी बदलून वर यायचा. सीता पण त्यात. खोटं बोलायला वयाची अट नसते.

मग रडून झाल्यावर विश्वेशनं डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात वेद म्हणायला सुरुवात केली. गळा आहे हो त्याचा, बापाचाच. आणि सीतेची नजर गेली वेणीमाधवाच्या हाताकडे. पोरांना शिकवताना बोटानं स्वर दाखवतात — स्वर वर गेला की बोट वर, उतरला की खाली. तर उजव्या हाताचं बोट — हलतंय. अगदी थोडं. दर्भावर वर, खाली, वर. आधी वाटलं वारा. मग विश्वेश एका जागी थोडा घाईनं गेला, तर बोट मागे थांबून राहिलं, गुरुजी थांबतात तसं.

सीता म्हणाली, "विश्वेश, थांब. ते म्हणतायत."

त्या पोराचा चेहरा — अगं, बाप जिवंत आहे म्हणून आनंद व्हावा, तर तो पांढरा पडला. कारण बोटाला ऐकू येतंय तर कानालाही आलं असणार, डाव्यासुद्धा. कस्तुरीनं तोवर फोन लावला होता, बकुळ धापा टाकत आली. आधी त्याची नाडी बघितली, श्वास बघितला, तोंडात गंगाजल घातलं का विचारलं — नशीब, घातलं नव्हतं, गाढ झोपेत ते छातीत उतरतं म्हणाली. दर्भाकडे बघितलं, दारातल्या गर्दीकडे बघितलं, आणि हसली नाही, ओरडली नाही. हे लिही. दुसरी कुणी असती तर आम्हाला अडाणी म्हणाली असती. मग तिनं सीतेकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि विचारलं, दादी, आप आख़िरी बार कब सोई थीं? ते सैल झालेलं जे होतं ना — बकुळनं ते पाहिलं. आणि कुणाला बोलली नाही.

दुपारी वेणीमाधवानं डोळे उघडले. वर छत, खाली दर्भ, बाजूला तीळ. त्याला सांगावं लागलं नाही. म्हणाला, "विश्वेश, भुई थंड आहे. वर घे."

विश्वेश खाली बघत म्हणाला की एकदा खाली घेतलेल्याला परत खाटेवर घेता येत नाही, बाबा.

"ते मीच तुला शिकवलं. चुकीचं शिकवलं असेन. वर घे."

दारात हसू फुटलं, दत्तात्रेयभटजी खाकरले, आणि बकुळनं चादरीची टोकं आम्हा चौघांच्या हातात देऊन त्याला वर घेतलं. बांबू संध्याकाळी परत गेले. गल्लीत अजून विचारतात विश्वेशला, काय पंडितजी, कुछ वापस भी करते हैं आप लोग?

आणि तेव्हापासून विश्वेश बापाच्या खोलीत गेला नाही. दारातूनच परत. बापानंही हाक मारली नाही. मग त्यानं तुम्हाला फोन केला, की नर्सनं न सांगता जास्त दवाई दिली, माझ्या बापाला मेल्यासारखं केलं. तुम्ही लगेच बकुळला थांबवली आणि दुसरी धाडली. दुसरी वेळेवर येते, हातमोजे घालते, दहा में से कितना विचारते. तो म्हणतो, ठीक है. ती ठीक लिहून जाते. आणि मी रात्रंदिवस — सीता रात्रंदिवस दात आवळलेले ऐकते. आता कण्हत सुद्धा नाही तो. कण्हलं की मुलगा दारात येऊन उभा राहतो, म्हणून. बघ, हा तुझ्या तपासणीचा खरा प्रश्न आहे, बकुळ यायची की नाही. बाकी सगळं —

थांब. श्श. बोलतायत.

आज सकाळी ह्यांनी स्वतः बोलावलं त्याला, म्हणून मी बाहेर आले. तुला ऐकू येतंय? माझे कान अजून आहेत चांगले... म्हणतायत... निमिषचा आवाज रामनवमीपासून खालून येत नाही. पोरं पाठ म्हणतात तेव्हा मी मोजत पडलेलो असतो, कोण आहे, कोण नाही. तुम्ही सगळे इतकं जीव तोडून खोटं बोलत होतात, मला मोडवेना... अगं बाई. अगं बाई गं. सगळं ठाऊक होतं म्हणजे! आणि मी रोज सांगायची, खाली बसलाय हो तुमचा नातू, छान म्हणतो. आणि हे म्हणायचे, हो का.

रडतोय. विश्वेश. रडू दे... आता काय म्हणतायत? इंग्रजीतली कविता येते का निमिषला, विचारलं ह्यांनी. संध्याकाळी ऐकव म्हणावं. त्यात पण स्वर असेलच काहीतरी.

हां — आता हे ऐक, हे तू नीट ऐक, कारण मी सांगितलेलं तुला म्हातारीचं वाटेल. विश्वेश म्हणतोय, बाबा, म्हणा. वेद म्हणा. मी ऐकतो... लागले म्हणायला... बघ, बघ अडले. पहिल्याच ओळीत अडले. आता तो काय करतो. मला जाऊन बघायला पाहिजे — नको, तू हात सोड, जात नाही, बसते.

ऐकलंस? ती हाक मला होती. "आई, त्या बकुळला फोन लाव." मी नाही गं म्हटलं, त्यानं म्हटलं, ज्यानं तक्रार केली त्यानंच म्हटलं. तो फोन मला लावता येत नाही, तू लाव. तुझ्या संस्थेलाच लाव, तू साहेब आहेस ना. सांग, रामघाट, पाठशाळेच्या वर, लवकर ये... काय म्हणाले? बकुळ निघाली? गाय नसली म्हणजे मिळवली.

आणि लिही, सांगण्यात कमी पडते, घरातल्या सगळ्यांना बसवून सांगायला शिकवा तिला. वेळेवर येत नाही. बाकी ऐकते. आकडा तू घाल.

मी जरा डोकावून आले. विश्वेश खाटेच्या कडेला डोकं टेकून तसाच बसलाय, आणि ह्यांचा हात त्याच्या केसांत. बोट हलतंय. वर, खाली.

तर असं त्या घराला भाग्य आलं. वेणीमाधवाला ऐकणारा मुलगा मिळाला, विश्वेशला लपवायला काही उरलं नाही, आणि सीतेला — सीता आता भिंतीला पाठ टेकणार आहे, बकुळ येईपर्यंत. अशी झोप त्यांच्या डोळ्यांना आली, तशी ऐकणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या डोळ्यांना येवो. जा तू आता. चपला हातात घे, जिना वाजतो.