मुरलीच्या नावावरचं काम

चेन्नईत अण्णा नगर मेट्रोच्या तिकीट-रांगेत माझ्यापुढे एकाच ऑफिसातली दोघं मराठीत बोलत होती.

"प्रमोदिनीताई, मुरलीचं लॉगिन काल बंद झालं."

"माणूस गेला की करावंच लागतं, क्षितिज. मी महिनाभर थांबवून धरलं होतं."

"ऑडिटर म्हणतात, स्प्रिंटच्या, म्हणजे या पंधरवड्याच्या यादीतल्या प्रत्येक कामावर सध्याच्या कोणाचं तरी नाव हवं. मुरलीची सगळी कामं माझ्या नावावर घेतली. एकच राहिलंय."

"कुठलं?"

"हॉस्पिटलात पडल्या पडल्या करत होता ते. खाली लिहिलंय, 'थोडंच उरलंय, मीच संपवतो.'"

"मग ते माझ्या नावावर टाक."

"तसं नाही, ताई. बदललं की त्याचं नाव जाईल. हात धजत नाही."

"जात नाही रे. काम आधी कोणाचं होतं, ते त्याच्या नोंदीत कायम राहतं. ऑडिटचाच नियम आहे. तुला पुसता येणार नाही, मलाही नाही."

रांग पुढे सरकली.

"त्याची आई विचारत होती, ऑफिसात त्याचं काही राहिलंय का. मी नाही म्हणालो."

"कुठे राहतात त्या?"

"तिरुवल्लिकेणीला."

"तिकडचीच दोन तिकिटं काढ."