कूलर कोणाकडे?

रायपूर नवं-नवं छत्तीसगडची राजधानी झालं होतं. आमच्या चौबे कॉलनीतल्या घरात कूलर एकच, अन् बायकोनं सेंट बर्नार्डचं, म्हणजे बर्फातल्या केसाळ कुत्र्याचं, पिल्लू आणलं. मे महिन्यात ते धापा टाकत आडवं झालं. डॉक्टर म्हणाले, "भाभी, किसी ठंडी जगह दे दो. यहाँ नहीं बचेगा."

"मी वाचवीन याले," बायको म्हणाली. दिवसभर ती त्याचे पाय-पोट ओल्या फडक्यानं पुसे, अन् कूलर त्याच्याकडंच.

अशात नागपूरहून जावई, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान आले. घामानं निथळत म्हणाले, "वहिनी, कूलर जरा इकडे फिरवा ना."

मी उठलो, तर बायकोनं मले हात धरून बसवलं.

"भाऊजी, तुमाले शर्ट काढता येते. त्याले अंगावरची केसं काढता येत नाही."

 जावई शर्ट खुंटीले टांगून पिल्लाशेजारी फरशीवर जाऊन बसले.

पिल्लू जगलं. जावई दर उन्हाळ्यात तिथंच बसतात.