बुवांचं धोतर

डोंबिवलीत डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. बाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याची तारीख घ्यायला आलेले. त्यांच्या मोबाईलवर कीर्तनकार बुवांचा फोटो दिसला, मग माझे कान कसले जागेवर राहतात!

“हेमा, उत्सवाच्या स्मरणिकेवाल्यांनी परत केलेला तुझा फोटो हाच ना?”

“हाच. म्हणे बुवा निळे दिसतात. ठेवा हो तो. कॅमेरा कपाटात गेलाय, विषय संपला.”

“नव्या डोळ्याने बघ तरी. जुन्यावर हात धर.”

“अगं बाई! धोतर निळंशार!”

“आता जुन्याने.”

“आता पांढरं. अहो, म्हणजे मला सगळं पिवळं दिसत होतं! धोतर पांढरं दिसेपर्यंत मी एडिटिंगमध्ये रंगाची पट्टी निळ्याकडे सरकवत बसायचे.”

“आणि मी म्हणायचो, ऑटो मोडवर ठेव आणि गप्प बस.”

“रोज म्हणायचात.”

“चुकलो. तेव्हाच तुझे डोळे तपासायला हवे होते. मूळ फोटो आहे का गं?”

“आहे ना. हा बघा. हलत्या चिपळ्या नुसत्या धूसर येत होत्या, म्हणून शटर केवढं फास्ट ठेवलेलं मी!”

“धोतर?”

“पांढरं शुभ्र. सुरकुत्यांसकट.”

“स्मरणिका सोमवारी छापायला जातेय. आत्ताच पाठव.”

“काकू,” नर्सने हाक मारली, “दुसऱ्या डोळ्याला उद्याची तारीख देऊ?”

“उद्या नको गं, उद्या बुवांचं कीर्तन आहे. फोटो काढायला एकच डोळा लागतो.”